परदेशी पदवी आणि गौरवाचा अधिकार

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानाचा मजकूर)



परदेशी विद्यापीठांतून शिकून बाहेर पडलेल्या स्नातकांचा गौरव हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. वरवर पाहता हा विषय सोपा वाटतो. मुलगा किंवा मुलगी विलायतेत अथवा अमेरिकेत शिकून आली की समाजाला आनंद होतो. शाल, श्रीफळ व स्मृतिचिन्ह दिले जाते, वृत्तपत्रात छायाचित्र येते. लग्नाच्या परिचयपत्रिकेतही त्या पदवीचे वजन पडते, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु हा गौरव नेमका कशाचा असतो, प्रवेशाचा, पदवीचा, की पदवीनंतर हातून घडलेल्या कार्याचा, हा प्रश्न विचारू लागताच विषय अवघड होतो. शिक्षणासाठी द्रव्य देणाऱ्या प्रत्येक धर्मादाय संस्थेला या प्रश्नाचे उत्तर केव्हातरी द्यावेच लागते, कारण ती ज्याचा सत्कार करते, त्याच्याकडे पाहूनच पुढील पिढी आपली दिशा ठरविते.

अशा पुरस्कारांचे आजचे रूप प्रथम पाहणे इष्ट ठरेल. ब्रिटिश कौन्सिल ही संस्था ब्रिटनमधील विद्यापीठांत शिकून गेलेल्या, जगभर पसरलेल्या परदेशी स्नातकांसाठी ‘स्टडी यूके ॲल्युमनाय अवॉर्ड्‌स’ या नावाचे पुरस्कार देते. त्यांचे चार विभाग आहेत : विज्ञान व शाश्वत विकास, संस्कृती व सर्जनशीलता, सामाजिक कार्य, आणि उद्योग व नवोपक्रम. गेल्या पंधरा वर्षांच्या आत ब्रिटनमध्ये शिकलेल्यांनाच त्यात भाग घेता येतो. भारतासह निवडक देशांत प्रथम राष्ट्रीय पातळीवर निवड होते आणि जागतिक पातळीवरचे मानकरी स्वतंत्रपणे निवडले जातात. या रचनेतील एक गोष्ट निश्चितच प्रशंसनीय आहे. परीक्षेत किती गुण मिळाले होते, याला तेथे महत्त्व नाही. शिकून परतल्यावर काय केले, हे पाहिले जाते. पंधरा वर्षांची मर्यादाही विचारपूर्वक घातलेली दिसते. कार्य उभे राहण्यास काही काळ जावा लागतो, पण ज्याचे नाव आधीच सर्वतोमुखी झाले आहे त्याच्या गळ्यात आणखी एक हार घालून फारसे काही साधत नाही.

तथापि या पुरस्कारांमागे निव्वळ गुणग्राहकता आहे, असे समजणे भाबडेपणाचे होईल. परदेशी विद्यार्थ्यांचे शुल्क हा आज ब्रिटनमधील विद्यापीठांच्या उत्पन्नाचा मोठा आधार आहे. यशस्वी माजी विद्यार्थ्याचे छायाचित्र हे पुढील विद्यार्थ्याला दिलेले निमंत्रणच असते. यात गैर काही नाही. दुकानदाराने आपल्या मालाची कीर्ती सांगावी, हे रीतीला धरूनच आहे. मात्र पुरस्कार देणाऱ्याचा हेतू ठाऊक असला म्हणजे पुरस्काराचे मोल अधिक नेमके करता येते.

आणखी एक बाब जैन श्रावकाला विशेष विचारात पाडणारी आहे. या पुरस्कारासाठी उमेदवाराने स्वतःच अर्ज करावयाचा असतो आणि आपण कोणते कार्य केले, त्याचा परिणाम काय झाला, हे स्वतःच मांडावयाचे असते. तत्त्वार्थसूत्रात नीच गोत्राच्या बंधाची जी कारणे सांगितली आहेत, त्यांत परनिंदेच्या शेजारीच आत्मप्रशंसा बसविली आहे. आठ मदांमध्ये ज्ञानाचा मद आहे आणि पूजेचा, म्हणजे लोकांकडून मिळणाऱ्या मानाचाही मद आहे. तेव्हा अर्ज करून मिळविलेला सन्मान घ्यावा किंवा नाही? आधुनिक व्यवहारात अर्जावाचून काम चालत नाही, हे खरे. हजारो मैलांवर बसलेल्या निवड समितीला माणसे घरोघर जाऊन शोधता येत नाहीत. पण गावातील, तालुक्यातील समाजसंस्थेला मात्र ते शक्य आहे. आपल्या मदतीने शिकलेला विद्यार्थी आज कोठे आहे व काय करतो, हे तिने स्वतः जाऊन पाहावे आणि त्याने न मागता त्याला बोलवावे. दुसऱ्याच्या गुणाने आनंदित होणे हीच प्रमोद भावना होय, आणि ती अर्जाची वाट पाहत नाही.

पदवी आणि गौरव यांतील अंतर किती असू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातच आहे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी 1913 साली भीमराव रामजी आंबेडकर या तरुणाला अमेरिकेत शिकण्यासाठी तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून 1915 साली ते एम.ए. झाले, पुढे लंडनला गेले, परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने अभ्यास अर्धवट टाकून 1917 साली त्यांना परतावे लागले. कराराप्रमाणे ते बडोद्यास रुजू झाले. अमेरिकेतील उच्च विद्या संपादन करून आलेल्या या अधिकाऱ्याला बडोदे शहरात राहावयास जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमात आसरा घेतला, तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. ज्या समाजाने त्यांचे स्वागत करावयाचे, त्याने त्यांची जात तेवढी पाहिली. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पै-पैसा जमविला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले आणि 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले. 1922 साली बॅरिस्टरी आणि 1923 साली लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. त्यांनी मिळविली. कोलंबियाची पीएच.डी. तर प्रबंध छापून झाल्यावर 1927 साली रीतसर हाती आली.

आता सत्काराची तारीख पाहा. 5 जून 1952 रोजी कोलंबिया विद्यापीठाने आपल्या या विद्यार्थ्याला डॉक्टर ऑफ लॉज ही सन्माननीय पदवी न्यूयॉर्क येथे प्रदान केली. संविधानाचे एक शिल्पकार, थोर समाजसुधारक आणि मानवी हक्कांचे खंबीर पुरस्कर्ते, या शब्दांत त्यांचे वर्णन करण्यात आले. एम.ए. झाल्यापासून हा दिवस उजाडण्यास 37 वर्षे लागली. मधल्या काळात महाडचा सत्याग्रह झाला, गोलमेज परिषदा झाल्या, संविधान लिहून झाले. पुढे 1995 साली त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला आणि 2004 साली, स्थापनेस अडीचशे वर्षे झाल्यानिमित्त, विद्यापीठाने काळाच्या पुढे पाहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांची जी यादी केली, तीत त्यांचे नाव घेतले. विद्यापीठाने वाट पाहिली, असे म्हणण्यापेक्षा कार्यानेच विद्यापीठाला बोलावयास लावले, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. सयाजीरावांचा करार मात्र पाळला गेला नाही. दहा वर्षांची नोकरी काही दिवसांतच संपली. हिशेबाच्या वहीत ही शिष्यवृत्ती बुडीत म्हणावी लागेल! शिष्यवृत्ती देणाऱ्या विश्वस्तांनी हा हिशेब अधूनमधून आठवावा.

याच्या उलट, ज्यांचा गौरव पदवीच्या क्षणीच झाला आणि तरीही ज्यांनी तो गौरव सार्थ केला, असेही थोर पुरुष होऊन गेले. कोकणातील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 साली केंब्रिजच्या गणित परीक्षेत सीनिअर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. त्या वेळी देशभर आनंदाची लाट उसळली. सरकारी नोकरीत त्यांना कोणतेही उच्च पद मिळाले असते. पण परदेशी जाण्यापूर्वीच त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीला शब्द दिलेला होता. तो शब्द पाळून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अल्प वेतनावर गणित शिकवू लागले आणि 1902 साली प्राचार्य झाले. महाराष्ट्रात ‘रँग्लर’ ही त्यांच्या नावाआधीची उपाधीच होऊन बसली. सरकारने पुढे दिलेला ‘सर’ हा किताब लोकांच्या तोंडी तितकासा रुळला नाही, यावरून लोकांनी कोणता मान मनापासून दिला होता, ते कळते.

स्त्रियांच्या बाबतीत तर पदवीचा गौरव हीच स्वतंत्र लढाई होती. आनंदीबाई जोशी 1886 साली फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. कोल्हापूर संस्थानने तेथील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक केली, परंतु रुजू होण्याआधीच 1887 च्या फेब्रुवारीत क्षयाने त्यांचा अंत झाला. पुढे त्याच रुग्णालयात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी अनेक वर्षे स्त्रियांची सेवा केली. जमशेटजी टाटा यांनी 1892 साली उच्च शिक्षणासाठी जो निधी स्थापन केला, त्याच्या अगदी पहिल्या लाभार्थींमध्ये कृष्णाबाई होत्या आणि त्यांच्या जोडीला डॉ. फ्रेनी कामा होत्या. परदेशी शिक्षणाच्या या मोठ्या निधीचा आरंभ दोन स्त्री-डॉक्टरांपासून झाला, ही गोष्ट आजही पुरेशी सांगितली जात नाही.

जैन समाजापुरते पाहावयाचे, तर दोन नावे डोळ्यांपुढे येतात. अहमदाबादच्या प्रसिद्ध साराभाई घराण्यातील डॉ. विक्रम साराभाई 1940 साली केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयातून परीक्षा उत्तीर्ण झाले. (रँग्लर परांजपेही याच महाविद्यालयाचे विद्यार्थी.) महायुद्धामुळे त्यांना परतावे लागले, बंगळूरला सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी विश्वकिरणांचा अभ्यास चालू ठेवला आणि युद्ध संपल्यावर केंब्रिजला जाऊन 1947 साली पीएच.डी. पूर्ण केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात अहमदाबादेस त्यांनी भौतिकी संशोधन प्रयोगशाळा सुरू केली. तिला इमारत नव्हती. एका विज्ञान महाविद्यालयातील खोल्यांत तिचे काम सुरू झाले आणि आरंभीचा आधार होता तो कुटुंबाच्या शिक्षणन्यासाचा व अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीचा. देशाच्या अवकाश-संशोधनाची पाळेमुळे अशा रीतीने एका धर्मादाय व्यवस्थेत रुजली आहेत. 1962 साली भटनागर पुरस्कार, 1966 साली पद्मभूषण आणि 1972 साली मरणोत्तर पद्मविभूषण असे सन्मान त्यांना मिळाले. परंतु प्रयोगशाळेला पहिल्या खोल्या आणि पहिले रुपये देणाऱ्यांनी या सन्मानांच्या कितीतरी आधी आपली निवड केली होती. पुरस्कार नेहमी मागाहून येतो. विश्वास आधी ठेवावा लागतो.

दुसरे नाव डॉ. दौलतसिंह कोठारी यांचे. 1906 साली उदयपूरला जन्मलेला हा विद्यार्थी अलाहाबादला मेघनाद साहांजवळ शिकला, केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत रदरफर्ड यांच्या छायेत संशोधन करून परतला आणि दिल्ली विद्यापीठात त्याने भौतिकशास्त्राचा विभाग उभारला. 1964 ते 1966 या काळातील शिक्षण आयोग त्यांच्याच नावाने ओळखला जातो. गरीब-श्रीमंत मुलांनी एकाच शाळेत शिकावे, ही त्या आयोगाची समान शाळेची कल्पना अजून प्रत्यक्षात आलेली नाही. पद्मविभूषण त्यांना 1973 साली मिळाले. नील्स बोर यांचे परस्परपूरकतेचे तत्त्व आणि स्याद्वाद यांतील साम्य उलगडून दाखविणारे लेखनही त्यांनी केले. केंब्रिजला जाऊन आल्यावर स्याद्वाद जुनाट वाटू लागला नाही, उलट अधिक उजळून दिसला. परदेशी गेलेली मुले धर्मापासून दूर जातात, अशी चिंता करणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य ध्यानात घ्यावे.

येथे एक उलट दिशेचा प्रवासही सांगितला पाहिजे. जर्मनीच्या बॉन विद्यापीठाचे स्नातक हर्मान याकोबी तरुण वयात भारतात आले आणि 1874 साली ब्यूलर यांच्यासमवेत जैसलमेरच्या ग्रंथभांडारात गेले. जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा आहे, असा समज त्या काळी युरोपीय पंडितांत दृढ होता. 1879 साली कल्पसूत्राच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत याकोबींनी तो सप्रमाण खोडून काढला. आचारांग व कल्पसूत्राचे त्यांचे इंग्रजी भाषांतर 1884 साली, तर उत्तराध्ययन व सूत्रकृतांगाचे 1895 साली प्रसिद्ध झाले. 1913-14 च्या सुमारास ते पुन्हा भारतात आले, तेव्हा जैन समाजाने त्यांना ‘जैनदर्शनदिवाकर’ ही पदवी दिली. विशेष म्हणजे सत्कार स्वीकारून ते थांबले नाहीत. त्याच प्रवासात अहमदाबादेस त्यांच्या हाती एका अपभ्रंश काव्याची पोथी आली आणि 1918 साली तिचे संपादन त्यांनी प्रसिद्ध केले. भाषा, देश, धर्म यांपैकी काहीही समान नसताना समाजाने केवळ कार्य पाहून दिलेला हा सन्मान होता. आजच्या सत्कारांना त्याची सर क्वचितच येते, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

आता जे परतले नाहीत, त्यांचे काय? हा प्रश्न घरोघरी आहे, म्हणून तो टाळणे बरे नव्हे. मुलगा न्यू जर्सीत आहे, मुलगी लंडनमध्ये आहे, आणि वाड्यात दोघेच वृद्ध आहेत, हे चित्र आता नवे राहिलेले नाही. परत येणे हीच गौरवाची एकमेव कसोटी मानली, तर अनेक सत्पात्र माणसांवर अन्याय होईल. परदेशात राहूनही मायभूमीशी नाते जपणारे व तेथे उत्तम संशोधन करणारे कितीतरी आहेत. परंतु परतण्याचे मोल कमी लेखण्याचेही कारण नाही. डॉ. जयंत नारळीकर 1959 साली केंब्रिजला रँग्लर झाले, 1962 साली त्यांना स्मिथ पारितोषिक मिळाले आणि फ्रेड हॉईल यांच्याबरोबरच्या संशोधनामुळे त्यांचे नाव जगभर झाले. 1965 साली, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, ते पद्मभूषण झाले. त्यानंतर 1972 साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि 1988 साली पुण्यात ‘आयुका’ ही संस्था त्यांनी उभी केली. 2025 सालच्या मे महिन्यात पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा ज्या लोकांना गहिवरून आले, त्यांतील बहुतेकांना स्मिथ पारितोषिक म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. त्यांनी मराठीत लिहिलेल्या विज्ञानकथा आणि शाळकरी मुलांसाठी आयुकात होणारी शनिवारची व्याख्याने त्यांना ठाऊक होती.

जैन शास्त्रात कर्माचा विचार करताना कृत, कारित आणि अनुमत असे तीन प्रकार मानले आहेत : स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि दुसऱ्याने केलेल्याला मनापासून संमती दिलेले. पापाच्या बाबतीत जसे तिघेही भागीदार, तसेच पुण्याच्या बाबतीतही. सत्कारसमारंभात मात्र सारा प्रकाश ‘कृत’ करणाऱ्यावर, म्हणजे पदवीधरावर असतो. ‘कारित’ करणारे आई-वडील, शिक्षक, वसतिगृहाचे अधीक्षक पहिल्या रांगेतसुद्धा नसतात.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचावे. 1887 साली कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांनी मॅट्रिकचा उंबरठाही ओलांडला नाही. 1919 साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवू लागली. त्या मुलांच्या पोटासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही, मोडले. त्याच वसतिगृहात वाढलेले बॅ. पी. जी. पाटील इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन आले, वकिलीच्या मागे न लागता रयतच्या सेवेत रमले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ही विलायती पदवी कोणाची? कागदावर नाव पाटील साहेबांचे आहे, पण त्या कागदात लक्ष्मीबाईंचे सोने वितळलेले आहे. पुणे विद्यापीठाने 1959 साली, भाऊरावांच्या निधनाच्या अवघा महिनाभर आधी, त्यांना डी.लिट. दिली. लक्ष्मीबाईंना जाऊन त्या वेळी जवळजवळ तीन दशके लोटली होती.

म्हणून समाजसंस्थांपुढे काही सूचना नम्रपणे ठेवाव्याशा वाटतात. परदेशी प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला निरोप जरूर द्यावा, पण त्याला पुरस्कार म्हणू नये. पुरस्कार पदवीनंतर दहा वर्षांनी द्यावा आणि तो देताना मानपत्रात विद्यापीठाचे नाव शेवटच्या ओळीत लिहावे. पहिल्या ओळीत कार्य असावे. व्यासपीठावर सत्कारमूर्तीच्या शेजारची खुर्ची ज्याने त्याला शिकविले वा पोसले त्याच्यासाठी राखावी. धनाढ्य घरातील मुलाने स्वतःच्या पैशाने घेतलेली पदवी आणि गहाणवट करून, रात्री उपाहारगृहात भांडी घासून घेतलेली पदवी यांना एकाच तराजूत तोलू नये. आणि जो अभ्यास अर्धवट टाकून, आजारपणाने वा पैशाअभावी परतला, त्याच्याकडे पाठ फिरवू नये. 1917 साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतलेल्या एका विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, ते वर आलेच आहे.

शिष्यवृत्ती देतानाची रीतही याच विचाराशी जोडलेली आहे. टाटा निधीने प्रारंभापासून कर्जाऊ शिष्यवृत्तीची पद्धत स्वीकारली. विद्यार्थी कमावता झाला की रक्कम परत करतो आणि तीच पुढच्याच्या कामी येते. कृष्णाबाईंपासून नारळीकरांपर्यंतची माणसे या एकाच निधीच्या यादीत आहेत. मुंबईत शेठ माणिकचंद हिराचंद यांनी 1900 साली ताडदेव येथे उघडलेले बोर्डिंग, 1901 सालचे कोल्हापूरचे दिगंबर जैन बोर्डिंग, आणि आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने 1915 साली स्थापन झालेले श्री महावीर जैन विद्यालय या साऱ्या संस्थांनी ज्ञानदानाला वसतिगृहाचे छप्पर दिले. ज्ञानदानाला आहारदानाची जोड लागते, हे त्या पिढीने ओळखले होते. परदेशी शिक्षणाचा खर्च आज इतका वाढला आहे की एका न्यासाला एका विद्यार्थ्याचा संपूर्ण भार उचलणे कठीण जाते. अशा वेळी चार-पाच न्यासांनी एकत्र येऊन एक सामाईक कर्जनिधी उभारावा. परतफेडीची अट असावी, पण व्याज नसावे. आणि ज्याने रक्कम पूर्ण फेडली, त्याचे नाव दर वर्षीच्या अहवालात, देणगीदारांच्या नावांबरोबर त्याच टाइपात छापावे.